बोटीवरचा ओढून घ्यायचा शॉवर-नळ गळतोय: नवा नळ घेण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. युरोपात बांधलेली, बऱ्यापैकी जुनी ३४ फुटी शिडाची बोट मुंबई बंदरात मुरिंगवर (पाण्यात नांगरून ठेवलेल्या बोयाला बांधून) असते. टॉयलेटमधल्या बेसिनवर ओढून काढायचा शॉवर-नळ आहे. नळाचं तोंडच हातात घ्यायचं, अंघोळ करायची आणि झाल्यावर पाइप परत बेसिनखालच्या कपाटात सोडायचा. त्या कपाटात पाणी साचतं आणि कोणी नळ उघडलेला नसताना रात्री पाण्याचा पंप मध्येच सुरू होतो. किनाऱ्यावरून नेलेल्या प्लंबरने अख्खा नळ बदलायला सांगितला. ते मॉडेल आता मिळत नाही, म्हणून दुसरा कुठला नळ त्या भोकात बसेल, अशी विचारणा आहे.

नळ इतक्यात घेऊ नका. अशा तक्रारीत नळाचा पितळी देह बहुतेक वेळा शाबूत असतो. गळतो तो एखादा वायसर, ओरिंग (सील करणारी रबरी कडी), पाइप किंवा आतलं कार्ट्रिज, म्हणजे दांडी फिरवली की पाणी चालू-बंद करणारा भाग. त्यातलं नेमकं काय, हे ओळखायला पाना हातात घेण्याची गरज नाही. पाणी कधी येतं हे बघायचं, कारण नळाच्या वेगवेगळ्या भागांवर दाब वेगवेगळ्या वेळी असतो.

बोटीवर दाब देतो तो १२ व्होल्टचा छोटा डायफ्रॅम पंप. त्याला प्रेशर स्विच असतो. सगळे नळ बंद केले की दाब साधारण २ ते ३ बार झाला की पंप थांबतो आणि दाब ठरावीक मर्यादेखाली उतरला की पुन्हा चालतो. म्हणजे पंपाचा स्विच चालू असेल तोवर पंपापासून नळाच्या कार्ट्रिजपर्यंतचा सगळा मार्ग दिवसरात्र दाबाखाली असतो. नळ बंद असताना कार्ट्रिजच्या पुढचा भाग, म्हणजे ओढायचा पाइप आणि हँड शॉवर (हातात घ्यायचं तोंड), दाबाखाली नसतो. नळ उघडला की त्याच्यावर दाब येतो.

आता तपासणी. कपाट रिकामं करा, जुन्या कापडाने खडखडीत कोरडं करा आणि प्रत्येक जोडाला टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा. बोटाला न जाणवणारा ओलावा टिश्यूवर लगेच दिसतो. पंप चालू करा, नळ बंद ठेवा आणि अर्धा तास थांबा. या वेळात टिश्यू भिजला तर दोष कार्ट्रिजच्या अलीकडे आहे: गरम-थंड पाण्याचे दोन कनेक्शन पाइप, त्यांचे जोड, किंवा नळाचा तळ. कपाट कोरडंच राहिलं पण हँड शॉवरच्या तोंडातून थेंब येत राहिले, तर कार्ट्रिज. दोन्हीकडे काहीच नाही, तर नळ उघडून पाच मिनिटं पाणी जाऊ द्या आणि पुन्हा बघा. आता कुठेतरी ओलं झालं तर ओढायचा पाइप किंवा त्याचे दोन जोड. नळ उघडायच्या दांडीच्या बुडाशी पाणी पाझरलं तर कार्ट्रिजची वरची सील. आणि दोन्ही वेळा सगळं कोरडं राहून हँड शॉवर जागेवर ठेवल्यानंतरच कपाटात पाणी दिसलं, तर ते पाइपाच्या बाहेरच्या अंगावरून ओघळत आत गेलेलं अंघोळीचं पाणी आहे. ही गळतीच नव्हे. पाइप ज्या प्लास्टिकच्या वाटेतून सरकतो ती झिजली की हे वाढतं. पाइप आत सोडताना फडक्यातून सरकवला आणि कपाटात खाली ट्रे ठेवला की भागतं.

आणखी एक सामान्य गोष्ट लोकांना घाबरवते. नळ बंद केल्यावर ओढायच्या पाइपात थोडं पाणी उरतं आणि शिडं लावून चालताना बोट एका अंगावर कलली की ते हँड शॉवरमधून टिपकतं. थोड्या वेळाने आपोआप थांबत असेल तर सोडून द्या.

तुमच्या वर्णनात रात्री पंप सुरू होतो, हे सर्वांत उपयोगी वाक्य आहे. नळ बंद असतानाही दाब उतरतोय, म्हणून माझा पहिला संशय कनेक्शन पाइपांवर आणि दुसरा कार्ट्रिजवर. मात्र त्याआधी हँड शॉवरला बटण किंवा ट्रिगर आहे का ते बघा. असेल, आणि मिक्सरची (गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाची) दांडी उघडी ठेवून फक्त बटणाने पाणी बंद करायची सवय असेल, तर वरचं सगळं गणित बदलतं. मग ओढायचा पाइपही रात्रभर पूर्ण दाबाखाली राहतो, आणि तो तसा राहण्यासाठी बनवलेला नसतो. घरी हेल्थ फॉसेट बसवताना प्लंबर ‘वापरून झालं की अँगल कॉक बंद करा’ असं बजावतो, त्याचं कारण हेच. बोटीवर याचा एक जास्तीचा त्रास असतो. दांडी मध्यावर उघडी राहिली की गरम आणि थंड पाण्याच्या लाइन मिक्सरमधून एकमेकींना मिळतात आणि गॅलीतल्या, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातल्या, थंड नळाला कोमट पाणी येऊ लागतं. तसं होत असेल तर दांडी बंद ठेवायची सवय लावा, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. बोटीच्या मागच्या फळीवर, समुद्रात पोहून आल्यावर अंग धुवायला जो शॉवर असतो, त्याच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं आहे. तो डब्यात बंद असतो, कोणाचं लक्ष जात नाही आणि पंप अख्खी टाकी रिकामी करून टाकतो.

कुठेच ओलं नाही आणि तरी पंप अधूनमधून चालतो, असंही घडतं. तेव्हा पंपाच्या आतला व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि पाणी मागे टाकीत परततं. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो. पंपाआधीची जाळी साफ करा, पंपाचं डोकं उघडून धुवा. यात नळाचा संबंध नाही.

इंजिन चालवल्यानंतरच नळ टिपकतो, अशीही तक्रार येते आणि त्यात विनाकारण कार्ट्रिजं बदलली जातात. बोटीवर गरम पाण्याची टाकी इंजिनच्या कूलिंगवर तापते. पाणी २० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापलं की साधारण पावणेतीन टक्के फुगतं. २० लिटरच्या टाकीत हे अर्धा लिटर होतं. टाकीच्या थंड बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असल्यामुळे त्या अर्ध्या लिटरला मागे जायला वाट नसते. दाब पंपाच्या मर्यादेच्या बराच वर चढतो आणि सगळ्यात कमजोर सील पाणी सोडते. इथे टाकीचा रिलीफ व्हॉल्व्ह नीट उघडतो का ते बघायचं आणि लाइनमध्ये छोटी अ‍ॅक्युम्युलेटर टाकी बसवायची. तिच्यातली हवा दबते आणि फुगलेल्या पाण्याला जागा मिळते. शिवाय पंपाचं सारखं चालू-बंद होणं कमी होतं, बॅटरी आणि झोप दोन्ही वाचतात.

आता दुरुस्ती. पॅनलवरचा पंपाचा स्विच बंद करा, दुसरा एखादा नळ गरम आणि थंड दोन्हीकडे उघडून दाब काढून टाका. नुकतंच इंजिन चालवलं असेल तर थांबा, त्या टाकीतलं पाणी भाजण्याइतकं गरम असतं. बेसिनचं भोक बुचाने बंद करा. बोटीवर हातातून निसटलेला स्क्रू हमखास तिथेच जातो आणि मग अंघोळीचं पाणी उपसणारा संप पंप उघडावा लागतो. खोलण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा.

आधी कनेक्शन पाइप. युरोपियन मिक्सरमध्ये ते बहुतेक एम-१० च्या (१० मि.मी. व्यासाच्या) बारीक आट्यांनी नळाच्या बुडात बसतात आणि तिथे ओरिंगच सील करतो. टेफ्लॉन टेप तिथे लावायची नाही. टेप लावली की ओरिंग नीट बसत नाही आणि पाना वापरून आवळलं की तो कापला जातो. हाताने घट्ट, वर अगदी थोडं, एवढंच. चपटा वायसर असलेल्या जोडालाही हाच नियम. टेप लागते ती फक्त निमुळत्या आट्यांना, जिथे आटेच सील करतात. तागाचा धागा आणि सफेदा बोटीवर आणूच नका. प्लास्टिकच्या नटात धागा भरून पान्याने पिळला की नट चिरतो, आणि तो लगेच चिरत नाही, आठवड्याने चिरतो, तेव्हा बोटीवर कोणी नसतं.

या पाइपांवर स्टीलच्या तारांची जाळी असेल तर ती नीट बघा, विशेषतः दोन्ही टोकांच्या दाबलेल्या कड्यांपाशी. तपकिरी डाग किंवा एकदोन तुटलेल्या तारा दिसल्या तर पाइप आजच बदला. आतला रबर जाळीच्या आधाराने दाब सोसत असतो. जाळी गेली की तो फुगतो आणि फुटतो. समुद्राची हवा याला कारणीभूत आहेच, पण अनेक बोटींवर त्याच कपाटात टॉयलेट साफ करायचं ब्लीच किंवा अ‍ॅसिडची बाटली ठेवलेली असते. क्लोरीनयुक्त वाफेने स्टेनलेस स्टीललाही तडे जातात. बाटली दुसरीकडे हलवा. नवीन पाइप घेताना नायलॉनच्या जाळीचे, पिण्याच्या गरम पाण्यासाठी प्रमाणित असलेले घ्या, आणि दोन्ही एकदमच बदला. एक गेला म्हणजे दुसराही त्याच वयाचा आहे.

या पाइपांच्या खालच्या टोकाला बोटीची मूळ लाइन भेटते. बऱ्याच युरोपियन बोटींत ती १५ मि.मी. बाहेरील व्यासाच्या अर्ध-कडक प्लास्टिक पाइपाची असते आणि जोड दाबून बसवायचे पुश-फिट असतात. आपल्याकडे इथे एक ठरलेली चूक होते. दुकानदार ‘अर्धा इंच सीपीव्हीसी’ देतो, तो पुश-फिटमध्ये ढकलला जातो, थोडा अडतो, जोर लावून बसवला जातो. अर्धा इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास १५.९ मि.मी. असतो. त्या जवळपास एका मिलिमीटरने आतला ओरिंग सोलला जातो. जोड पहिल्या दिवशी कोरडा दिसतो आणि बोट लाटांवर हलायला लागली की गळतो. तुमच्या कपाटात असा एखादा पिवळसर पाइपाचा तुकडा दिसला तर बाकी सगळं सोडून आधी तो काढा. पुश-फिट सोडवताना कडेची रिंग आत दाबून धरायची आणि पाइप सरळ ओढायचा. पुन्हा बसवण्याआधी पाइपाचं टोक काटकोनात, धारदार पात्याने कापलेलं हवं. ओरखडे असलेलं टोक कापून टाका.

यानंतर ओढायचा पाइप. आधी हँड शॉवर फिरवून काढा. तिथला वायसर कडक, चपटा किंवा चिरलेला असेल तर दोन मिनिटांत बदलून होतो, आणि पाइपावरून खाली ओघळणाऱ्या पाण्याचं मूळ कितीतरी वेळा हाच वायसर असतो. पाइप तपासताना हँड शॉवर परत लावा, पाणी चालू करा आणि पाइप हळूहळू पूर्ण ओढत, वाकवत बघा. कडीजवळची चीर पाइप सरळ असताना बंद राहते आणि वाकला की उघडते. कपाटात पाइप कशाला घासतो तेही बघा. एखाद्या स्क्रूचं बाहेर आलेलं टोक, लाकडाची न घासलेली कड, खाली ठेवलेले डबे. नवा पाइप टाकून घासणारी कड तशीच ठेवली तर तो पाइपही जाईल. त्या कडेवर जुन्या पाइपाचा उभा चिरलेला तुकडा चढवून टाका.

पाइप बदलायचा तर एक अडचण आहे. बाजारातल्या साध्या शॉवर पाइपाला दोन्ही टोकांना रुंद नट असतात आणि ते नळाच्या देहातल्या भोकातून जात नाहीत. ओढायच्या नळाच्या पाइपाचं एक टोक मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं, बहुतेक एम-१५ आट्यांचं, आणि हँड शॉवरकडचं टोक अर्धा इंची असतं. किचनच्या पुल-आउट मिक्सरसाठी असे पाइप भारतातही मिळतात. जुना पाइप बरोबर न्या, आटे एकमेकांत हाताने फिरवून बघा, लांबी मोजा. लांब पाइप घेण्याचा मोह नको. कपाटात त्याचा जास्तीचा फास होतो आणि तो कुठेतरी अडकतो. किचनच्या पाइपाला परत खेचण्यासाठी वजन लावलेलं असतं, ते बोटीवर लावू नका. बोट डोलते तेव्हा ते कपाटाच्या फळीवर आणि कनेक्शन पाइपांवर रात्रभर आदळत राहतं.

कार्ट्रिजपर्यंत पोचायचं तर दांडीवरची लाल-निळी टोपी टोकदार वस्तूने उचला. खाली बारीक अ‍ॅलन स्क्रू असतो. तो गंजून बसलेला असेल तर भेदक तेलाचा एक थेंब टाका आणि तासभर थांबा. घाई केली की स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग ड्रिल करावं लागतं. दांडी आणि तिच्याखालची घुमटी निघाली की पितळी नट दिसतो, तो सोडवला की कार्ट्रिज सरळ वर येतं. कार्ट्रिजच्या बुडाशी असलेल्या सील आणि सिरॅमिकच्या चकत्या बघा. टाकीतली वाळू, जुन्या रबरी पाइपाचा काळा चुरा किंवा क्षाराचा पांढरा थर तिथे सापडतो. मुंबई महापालिकेचं तलावांचं पाणी मऊ असतं, पण जेट्टीवर टँकरने आलेलं बोअरचं पाणी टाकीत भरत असाल तर क्षार जमणारच. फक्त थर असेल तर कार्ट्रिज व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिडच्या कोमट पाण्यात ठेवा, धुवा आणि पुन्हा लावून बघा. चकत्या घासू नका. त्यांचा सपाटपणा हीच त्यांची सील असते. चकतीवर ओरखडा किंवा टवका असेल तर कार्ट्रिज नवीन.

कार्ट्रिज नळाच्या कंपनीचंच हवं असं नाही. पुष्कळशा मिक्सरमध्ये ३५ किंवा ४० मि.मी. व्यासाची कार्ट्रिजं असतात आणि ती आपल्या कुठल्याही बऱ्या सॅनिटरीच्या दुकानात मिळतात. लहान नळांत २५ मि.मी.ची असतात, ती शोधावी लागतात. व्हर्नियरने व्यास मोजा, पण तेवढ्यावर थांबू नका. एकूण उंची, वरच्या चौकोनी खुंटीची रुंदी आणि बुडाच्या दोन पिना कुठे आहेत, हे सगळं जुळलं पाहिजे. बसवताना नट बेताने आवळा. जास्त आवळला तर दांडी जड फिरते आणि सील लवकर मरते.

ओरिंगांना पेट्रोलियम जेली किंवा इंजिनचं ग्रीस लावू नका. गरम पाण्यासाठी वापरतात ते ईपीडीएम रबर पेट्रोलियमने फुगतं. पिण्याच्या पाण्याला चालणारं सिलिकॉन ग्रीस, तेही नखभर. ओरिंग घ्यायला मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जा. तिथे मेट्रिक आणि इंची दोन्ही मापं सुटी मिळतात. आतला व्यास आणि दोरीची जाडी अशी दोन मापं सांगा आणि ईपीडीएम मागा, नाहीतर नायट्राइल हे दुसरं रबर हातात पडेल. जुन्या युरोपियन मरीन फिटिंग कधीकधी दारूखाना या मुंबईतल्या जहाजभंगाराच्या भागात सापडतात, पण तिथला जुना नळ घेण्यापेक्षा तुमच्याच नळात नवी सील घालणं चांगलं.

नळाचा देहच गेलेला असेल तेव्हा मात्र प्लंबरचं म्हणणं खरं. ओळख सोपी आहे. क्रोमखाली पितळ गुलाबी-तांबूस दिसतं आणि खरवडलं की भुसभुशीत लागतं. खाऱ्या हवेत पितळातलं जस्त निघून जातं आणि उरलेल्या तांब्याला ताकद राहत नाही. असा देह वाचत नाही. नवा घेताना तीन मापं न्या: भोकाचा व्यास, बेसिनच्या पृष्ठभागाची जाडी आणि कपाटात नळाखाली मोकळी असलेली उंची. बोटीचं फायबरचं मोल्डिंग पातळ असतं आणि घरचा जड पितळी मिक्सर त्यावर डगमगतो. खालून मरीन प्लायचा तुकडा आधाराला लावा, त्याच्या कापलेल्या कडांना इपॉक्सी पाजा. नळाच्या बुडाखालची गॅस्केट नवीन घाला, नाहीतर बेसिनवरचं पाणी तिथून आत जाईल आणि पुन्हा नळच गळतो असं वाटेल.

साचलेल्या पाण्याकडेही बघायला हवं. बिल्जमधलं (बोटीच्या अगदी तळाशी साचलेलं) पाणी बोटाने जिभेला लावून बघा. खारट असेल तर दुसरं काहीतरी गळतंय आणि ते आधी शोधा, कारण समुद्र आत येतोय. गोडं असेल तर निर्धास्त होऊ नका. लाकूड कुजवायला गोडं पाणी खाऱ्यापेक्षा वाईट. कपाटाच्या तळाची आणि लगतच्या बल्कहेडची (बोटीच्या आतल्या आडव्या भिंतीची) प्लायवूड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. मऊ लागली तर ती वाळल्याशिवाय वर रंग किंवा सिलिकॉन लावू नका. ओल आत कोंडली जाते.

पावसाळ्यात बोट वर काढून ठेवता तेव्हा लाइन रिकामी करा आणि दांडी अर्धी उघडी सोडा. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा पंप चालू कराल तेव्हा कपाट उघडं ठेवून तिथेच बसा. चार महिने कोरड्या पडलेल्या सील पहिल्या दाबाला गळतात. काही तासाभरात भिजून पुन्हा बसतात, काही बसत नाहीत. आणि मुरिंगवर बोट सोडून घरी जाताना पंपाचा स्विच दरवेळी बंद करा.

दुरुस्ती झाल्यावरची परीक्षा अशी घ्या. सगळे नळ बंद, प्रत्येक जोडाला ताजा टिश्यू, पंप चालू करून तो स्वतःहून थांबू द्या आणि स्विच बंद करा. तासाभराने स्विच पुन्हा लावा. पंप गप्प राहिला किंवा क्षणभर टकटक करून थांबला तर दाब टिकलाय. बराच वेळ चालला तर अजून कुठेतरी वाट आहे, टिश्यू बघा. मग नळ उघडून, पाइप पूर्ण ओढून, वाकवून पाच मिनिटं पाणी जाऊ द्या. शेवटी इंजिन चालवून गरम टाकी तापवा आणि परत एकदा बघा. तिन्ही वेळा टिश्यू कोरडे निघाले की कपाटाची फळी स्क्रूने बसवा.